डाळ शिजते का?

माझी मैत्रीण वसुधा अर्थशास्त्राची प्राध्यापक आहे. हवामान बदलतं तेव्हा शेतकरी घरातून नेमकं काय जातं, आधी काय जातं आणि मागून काय, हा तिचा विषय. या विषयावर ती देशोदेशी बोलून आली, समित्यांवर बसली, तिच्या हाताखालून किती तरी मुलं पीएचडी होऊन बाहेर पडली. आणि हे सगळं ज्या कामावर उभं आहे, त्यात मुख्य प्रश्न एकच: "बाई, तुमच्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजते का?"

मला हे ऐकून ठाऊक होतं, पाहिलं नव्हतं. मी नाशिकला पॅथॉलॉजी लॅब चालवते. रक्त आणि लघवी यांपलीकडे मी फारसा कशाचा अभ्यास केलेला नाही. यंदा मे महिन्यात वसुधाचा नेहमीचा मदतनीस आजारी पडला आणि पुण्याहून तिचा फोन आला, "सीमा, बुलढाणा जिल्ह्यात आठवडाभर गाडी चालवशील का?" मी हो म्हटलं. मैत्री हे कारण होतंच, शिवाय लॅबचं रंगकाम चाललं होतं आणि तिथे थांबून शिंकत बसायची माझी तयारी नव्हती.

पूर्णेच्या पुलावर

मलकापूर, नांदुरा मागे टाकून आम्ही उत्तरेला वळलो आणि पूर्णा नदीच्या पुलावर वसुधाने गाडी थांबवायला लावली. मी खाली उतरले. मी डोंगराच्या बाजूची बाई. नाशिकला कुठेही उभं राहिलं तरी नजर कशावर तरी अडते. इथे ती अडतच नव्हती. काळी जमीन, नांगरून उलथलेली, ढेकळं उन्हात तापून जवळजवळ जांभळी दिसत होती आणि ती चहूकडे गेली होती. फक्त उत्तरेला, आभाळाच्या तळाशी, सातपुड्याची एक निळी रेघ.

"हे सगळं खारपाण," वसुधा म्हणाली. "खाली पाणी आहे, पण मिठाचं. आणि तो डोंगर दिसतो ना, त्याच्या पायथ्याला गोडं पाणी. मधे कुठेतरी रेघ आहे."

"कुठे?"

"तेच तर शोधतेय."

जमिनीखाली मीठ कुठून आलं यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. कोणी म्हणतं कधीकाळी इथे समुद्र होता, कोणी म्हणतं नदीच्या गाळातच ते अडकून राहिलं. वसुधाचा मुद्दा पुढचा होता. पूर्वी पाऊस रिमझिम, दिवसेंदिवस पडायचा आणि मुरायचा. गोडं पाणी खाऱ्याला दाबून धरायचं. आता चार धुवाधार सरी येतात, वाहून जातात, मधे कोरडे आठवडे, आणि लोक बोअर आणखी खोल नेतात. मग खारं पाणी हळूहळू डोंगराकडे सरकतं. वरून काही दिसत नाही. वर तीच काळी जमीन, तेच बांध, तीच बाभळीची झाडं. खालून मात्र एक अख्खी रेघ गावाखालून गावाखाली सरकते आहे, ही कल्पना त्या पुलावर उभं राहून केली आणि बेचाळीस-त्रेचाळीसच्या उन्हातही मला शहारा आला. मी असल्या गोष्टींनी शहारणारी नाही.

वरवट बकाल

मुक्काम वरवट बकालला, वसुधाच्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षकांकडे. संध्याकाळी जेवायला कढी आणि फुणके मिळाले. फुणके म्हणजे भरडलेल्या डाळीचे वाफवलेले मुटके. आमच्याकडे कढीबरोबर खिचडी असते. इथे मुटके कढीत कुस्करून वर कच्चं तेल घेतात. पहिला घास घेईपर्यंत मला शंका होती. नंतर मी बोलणंच थांबवलं.

दुसऱ्या दिवशी वसुधाचं काम पाहिलं. आधी डाळीचं कारण सांगते. खाऱ्या, जड पाण्यात तूरडाळ शिजत नाही. तासभर उकळा, दाणा दाण्यापासून सुटाच राहतो. म्हणून या पट्ट्यातल्या बायका वरणासाठी गोडं पाणी वेगळं आणतात. वसुधा तरुण असताना कापसाच्या भावावर प्रबंध लिहीत इथे फिरत होती. तिच्याकडे ना उपकरण ना पैसे. एका बाईने तिला सहज सांगितलं की पलीकडच्या वस्तीत आता डाळ शिजेनाशी झाली, आणि त्या वस्तीतली घरं एकेक करून सुरतेला निघाली. वसुधाने कापसाचा भाव बाजूला ठेवला आणि डाळ धरली. विभागातले लोक म्हणायचे, बाई, तुम्ही गृहविज्ञान शाखेत जा. ती दर उन्हाळ्यात येत राहिली. जिथे डाळ शिजायची थांबली तिथे पुढच्या वर्षांत काय होतं ते टिपत राहिली: आधी भाजीपाला जातो, मग दुभती जनावरं, मग थोरला मुलगा. पुढे उपकरण आलं. पाण्यात बुडवायचं, आकडा दाखवणारं लहानसं मीटर. पण सगळ्या विहिरी मोजणं शक्य नव्हतं, म्हणून नियम असा: ज्या घरी डाळ शिजत नाही, तिथेच मीटर बुडवायचं.

"आली वं माय, डाळवाली बाई आली!" पहिल्याच गल्लीत कांताबाई नावाच्या एका म्हातारीने पुकारा केला. "यंदा संगं कोणाले आणलं?"

"ही माझी मैत्रीण. रक्त तपासते."

"बाप्पा! मंग एक डाळ पाहीन, एक रक्त पाहीन. आमचं काही ठेवत नाही तुमी."

"कांताबाई, डाळ शिजते का? कुकर सोडून सांगा, उघड्या भांड्यात."

"कुकर सोडून सांगतो. उघड्यात दगडं राह्यतात दगडं. माह्या बुढ्याचे दात गेले, ते याच डाळीनं."

"म्हाताऱ्याचे दात तंबाखूनं गेले," आतून सून म्हणाली.

कुकर आल्यावर प्रश्न बिघडला हे वसुधाने कधीच ओळखलं होतं आणि 'कुकर सोडून' हे शब्द जोडले होते. मला ते आवडलं. चाचणीतली खोट शोधून ती दुरुस्त करणारा माणूस मला कुठेही आवडतो. दिवसभर घरोघरी चहा पिऊन माझं पोट बिघडलं आणि गाडीचा एसी बंद पडला. वसुधाला दोन्हींचं काही वाटलं नाही. ती एकाच प्रश्नाचं प्रत्येक उत्तर पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं ऐकत होती.

सोनाळ्याच्या वाटेवर

तिसऱ्या दिवशी आम्ही उत्तरेला, सोनाळ्याच्या अलीकडच्या एका गावी गेलो. गावाचं नाव मी देत नाही. का ते पुढे येईल. इथे सातपुडा जवळ येतो, निळा जाऊन तपकिरी होतो, रस्त्याला संत्र्याच्या बागा लागतात. भर उन्हाळ्यात ते हिरवं पाहून डोळे अक्षरशः निवले. वसुधाच्या नकाशावर हे गाव गोड्या पाण्याचं, निर्धास्त.

आम्ही वसुधाच्या ओळखीच्या शोभाताईंकडे गेलो. पन्नाशीच्या, उंच, आवाज खणखणीत. त्यांचं माहेर खाली खारपाणपट्ट्यात. लग्न ठरलं तेव्हा माहेरच्या बायका म्हणाल्या होत्या, पोरगी गोड्या पाण्यात पडली. हे त्यांनी ओळख झाल्यावर लगेच सांगितलं, दुसरी बाई सोन्याच्या पाटल्या दाखवेल तसं.

चहा संपल्यावर म्हणाल्या, "चाला, वावरात. एक गोष्ट दाखवतो."

वावरात खड्डे होते. ओळीने, मापात, कमरेइतके खोल, बाजूला काढलेली काळी माती. संत्र्यासाठी उन्हाळ्यात खड्डे खणून तापू देतात, पाऊस आला की कलमं लावतात. ते पाहून मला काय वाटलं ते सांगणं अवघड आहे. इतक्या सरळ ओळी, इतकी उघडी माती, आणि प्रत्येक खड्डा पुढच्या वीस-पंचवीस वर्षांचा. लावल्यावर चार-पाच वर्षं फळ नाही. तोवर कपाशीचं रान अडकलेलं. घरात धाकटी मुलगी बारावीला.

"मॅडम," शोभाताई वसुधाला म्हणाल्या, "दरसाली तुमी विचारता, मी सांगतो. यंदा मी विचारतो, तुमी सांगजा. संत्रा लावू का नको?"

"हे बघा शोभाताई, एका बाजूनं पाहिलं तर…"

"बाजू नका सांगू. हाव का नाही?"

त्यांचे यजमान, प्रल्हादभाऊ, बांधावर बसले होते. ते हसले. "मॅडम, तिनं खड्डे खांदून मंग विचारलं. आमच्यात झाडासाठी खांदलेला खड्डा रिकामा बुजवत नाहीत. आता तुमी नाही म्हणून पाहा!"

"तुमी गप बसा न. काऊन मधात बोलून राह्यले?"

वसुधाने आयुष्यभर 'एका बाजूनं, दुसऱ्या बाजूनं' याच भाषेत लिहिलं आहे. ती खोटी नम्रता नव्हे, त्या विद्येची शिस्तच तशी. पण त्या बाईच्या डोळ्यांत बाजू नव्हत्या. "उद्या सांगते," वसुधा म्हणाली. "तुमच्याच घरी जेवून सांगते."

परत येताना गाडीत ती म्हणाली, "हो सांगणार आहे. पाणी गोडं आहे. त्या गावातून एकदाही 'शिजत नाही' असं उत्तर आलेलं नाही."

वरण-बट्टी

दुसऱ्या दिवशी जेवणाचा बेत वरण-बट्टीचा. अंगणात पत्र्याच्या सावलीत चूल, चुलीवर मोठा गंज, त्यात विहिरीचं पाणी आणि तूरडाळ. प्यायला त्यांच्याकडे विकतच्या पाण्याचा जार येतो, सगळ्या गावातच येतो. विहिरीचं पाणी स्वयंपाकाला आणि धुण्याला. वसुधा आणि प्रल्हादभाऊ ओसरीत गप्पा मारत होते. मी शोभाताईंना कणकेचे गोळे वळू लागले. रिकामं बसायचा मला कंटाळा.

त्यांनी हळद टाकली. थोडी गंजाच्या ओल्या काठाला लागली. मग एका लहान डबीतून पांढरी चिमूट घेतली आणि झटकली. काठावरच्या हळदीवर तिचे कण पडले आणि तिथे पिवळ्याचं लाल झालं.

असला रंगबदल मी रोज पाहते. त्यावर माझं पोट चालतं.

"शोभाताई, हे काय टाकलं?"

"सोडा. खायचा."

"कशासाठी?"

"कशासाठी म्हंजे? डाळीत सोडा टाकाच लागते."

"नेहमी टाकता?"

"मायच्या घरून शिकली मी. तिकडं सगळेच टाकतात. थे सवयच पडली हाताले."

मी वसुधाला हाक मारली. ती आली. मी तिला एका वाक्यात सांगितलं आणि काठावरचा लाल ठिपका दाखवला. सोड्याने कोणत्याही पाण्यात डाळ मऊ होते, खाऱ्यासुद्धा. आणि डाळ शिजते म्हटल्यावर पुढे मीटर बुडवायचं नाही, हा तिचाच नियम. माझ्या धंद्यात याला म्हणतात, पहिली चाचणी चांगली आली म्हणून दुसरी केलीच नाही.

वसुधाने वाकून तो ठिपका पाहिला. मग विचारलं, "सोडा न टाकता शिजते का, शोभाताई?"

"सोडा न टाकता लावतच कोण?" शोभाताई भडकल्या. "तुमी विचारलं शिजते का, मी सांगतलं शिजते. शिजत होती म्हणून सांगतलं. खोटं कुठं बोलली मी?"

"नाही. तुम्ही खरंच सांगितलं. मी अर्धंच विचारलं."

मी दोन पातेली मागितली. एकात जारचं पाणी, एकात विहिरीचं. डाळ सारखी, आच सारखी, सोडा नाही. शेजारच्या बायका जमल्या. सुरुवातीला थट्टा चालली होती: "शोभाच्या घरी पाव्हणे आले अन् डाळीची शर्यत लावून राह्यले." मग थट्टा कमी झाली. एक म्हणाली, आमच्यातबी सोडाच पडते. दुसरी म्हणाली, माझ्या सासूनं शिकवलं, काऊन ते मी विचारलं नाही. पहिल्या पातेल्यातली डाळ फुटली, पाणी दाट झालं. दुसऱ्यात दाणे तळाशी तसेच, पाणी वर स्वच्छ. शोभाताईंनी पळीवर एक दाणा घेतला, बोटांत दाबला. तो दबला नाही, निसटून चुलीजवळ पडला.

मी लॅबमध्ये लोकांना रिपोर्ट हातात घेताना रोज पाहते. त्या बायकांचे चेहरे तसे झाले होते.

विहीर

जेवणाआधी आम्ही विहिरीवर गेलो. जुनी, दगडी, रुंद, आत उतरायला पायऱ्या, भिंतीत पिंपळाचं एक चिवट रोप. खाली पाणी काळंभोर आणि इतकं शांत की त्यात आभाळाचा गोल तुकडा सबंध दिसत होता. इतकं सुंदर पाणी मी फार थोड्या ठिकाणी पाहिलं आहे. प्रल्हादभाऊंनी बादली सोडली, वसुधाने मीटर बुडवलं, आकडा पाहिला, पुसून पुन्हा बुडवलं.

"काय म्हणते?" शोभाताईंनी विचारलं.

"खारं आहे."

"लय?"

"संत्र्याला सोसणार नाही इतकं."

"मंग?"

वसुधाने त्यांच्याकडे पाहिलं. "नका लावू."

शोभाताईंनी काठाच्या दगडावर हात ठेवला. म्हणाल्या, "मायनं सांगतलं होतं, आता तुले मिठाचं पाणी पेव लागणार नाही. अन् थे माह्या मागं मागं आलं, पाहा." मग पदर खोचला. "चाला. बट्ट्या थंड्या होऊन राह्यल्या."

जेवलो. जारच्या पाण्यातलं वरण, तूप सोडलेल्या बट्ट्या, वांग्याची झणझणीत भाजी. एवढं होऊनही त्यांनी आम्हाला आग्रह करकरून वाढलं. जेवण उत्तम होतं हे लिहिताना मला संकोच वाटत नाही, ते होतंच.

त्यानंतर वसुधाने मुक्काम वाढवला. मला लॅबला फोन करून सांगावं लागलं. आम्ही त्या गावात आणि आजूबाजूच्या 'गोड्या' गावांत पुन्हा पहिल्यापासून फिरलो, नवा प्रश्न घेऊन आणि प्रत्येक विहिरीत मीटर बुडवत. शोभाताई दुसऱ्या दिवसापासून स्वतःच बरोबर यायला लागल्या. वसुधा प्रश्न विचारायची, बाई 'शिजते' म्हणायची, आणि शोभाताई सरळ स्वयंपाकघरात शिरून डबी घेऊन बाहेर यायच्या. "हे काय हाय मंग? पेढे?" बायका हसून लोळायच्या. संध्याकाळी वसुधा नकाशावर खुणा करायची. रेघ तिने काढली होती तिथून पुष्कळ वर, डोंगराकडे गेली होती. काही गावं मात्र खरोखर गोडी निघाली आणि तिथे ती लहान मुलीसारखी खूश व्हायची.

तिचं पुस्तक छापायला गेलं होतं. तिने वरवटच्या अंगणातून फोन करून ते थांबवलं.

"लोक काय म्हणतील?" मी विचारलं.

"म्हणतील बाई चुकली. चुकलीच आहे." ती नखाने नकाशावरची जुनी रेघ खरवडत होती. "पण ही चुकीच्या जागी छापली गेली, तर तिच्या भरवशावर आणखी कोणी खड्डे खणेल."

इतक्या वर्षांचं काम, आणि ते उसवायला तिने एक संध्याकाळ घेतली. मी तिला कॉलेजपासून ओळखते. तिच्याकडे मान वर करून पाहावं असं मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा वाटलं.

परत येताना

निघायच्या दिवशी शोभाताईंनी दोन गोष्टी केल्या. वसुधाला बाजूला घेऊन सांगितलं, "पुस्तकात गावाचं नाव टाकू नका. खाऱ्या पाण्याच्या गावात लोक पोरी देत नाहीत. आमच्या पोट्ट्यांच्या सोयरिकी अडतीन." वसुधाने शब्द दिला. म्हणून मीही नाव लिहिलेलं नाही. दुसरं म्हणजे, सोड्याची डबी तिच्या हातात ठेवली. "घेऊन जा. घरात राह्यली तं हात जाईन तिच्याकडं."

आता ती डबी पुण्याला वसुधाच्या टेबलावर आहे. विद्यार्थी विचारतात, ती सांगते.

आणि खड्डे? ते रिकामे बुजवायचे नव्हते. पावसाळ्यात शोभाताईंचा फोन आला तेव्हा मी वसुधाकडेच गेले होते; तिने फोन स्पीकरवर टाकला. खारं पाणी सोसणारी झाडं वसुधाने कृषी खात्यातल्या लोकांना विचारून आधीच कळवली होती. शोभाताईंनी बोरीची झाडं लावली, चिंच लावली, एका कोपऱ्यात पावसाचं पाणी धरायला शेततळं घेतलं.

"अन् फाटकाजवळच्या खड्ड्यात," शोभाताई म्हणाल्या, "एक संत्रा लावला."

"शोभाताई!"

"जारचं पाणी घालतो त्याले. आम्ही थोडं कमी पेतो. मॅडम, जगला तं तुमचा मीटर खोटा. मंग खायले येजा."

"नाही जगायचा तो, शोभाताई."

"मालूम हाय. तरी लावला."

तेव्हापासून वसुधा दर रविवारी त्यांना फोन करते. डाळीचं विचारत नाही. पानं पिवळी पडली का, कडा करपल्या का, नवी पालवी आहे का, ते विचारते. परवा म्हणाली, नवी पालवी आली आहे. ती दोन दिवसांतही जळू शकते, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. पण सांगताना तिचा आवाज असा होता, की आपलं गणित एकदा तरी चुकावं म्हणून ही बाई देव पाण्यात घालून बसली आहे.